भावकीचा कंटेनर

आमच्या मंडळाचं पूर्ण नाव होतं भारत-मॉरिशस वाणिज्य आणि मैत्री मंडळ, रत्नागिरी. एवढं नाव एका दमात कुणी घेत नसे. मारुती मंदिराजवळच्या औषधाच्या दुकानावर एक खोली होती, तिथे मी, माझ्या घरून आणलेलं एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि पावसाळ्यात गळणारा एक कोपरा, बरीच वर्षं एवढंच मंडळ होतं. मी त्याची सचिव. पगार नाही, मानधन नाही. कॉलेजात कॉमर्स शिकवून निवृत्त झाले होते आणि इंग्रजीत पत्रं लिहिता येत होती, म्हणून आप्पा साळव्यांनी हे माझ्या गळ्यात घातलं. "सुनेत्राबाई, चार दिवस बघा, मग दुसरं कोणी शोधू," असं म्हणाले होते. अजून शोधतायत.

आप्पा म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवरचे जुने बागायतदार. माणूस प्रेमळ, पण हौसेने काम सुरू करायचं आणि दुसऱ्याच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं, ही त्यांची सवय. मंडळही तसंच सुरू झालं. गुरुप्रसाद पवार नावाचे एक गृहस्थ मॉरिशसहून पुळ्याच्या गणपतीला आले होते. त्यांचे खापरपणजोबा इकडच्याच कुठल्या तरी गावातून उसाच्या मळ्यात कामाला बोटीने गेले. गाव कुठलं, ते मात्र घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. तिकडे त्यांचं वाणसामानाचं दुकान. आप्पांच्या खळ्यात बसून त्यांनी आमरस खाल्ला, आमसुलाचं सार प्यायलं आणि आपल्या अडखळत्या, जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले, "हे आम्हाला द्या. गणपतीत आमची माणसं हेच शोधतात."

आप्पांनी लगेच हो म्हटलं. अडचण नंतर लक्षात आली. एकट्या कुणाकडेच कंटेनर भरेल एवढा माल नव्हता. मग सगळ्यांचा मिळून एक कंटेनर करायचा ठरलं. आप्पांच्या रसाचे डबे, कुणाचे काजू, कुणाचं कोकमाचं आगळ आणि लांज्याकडच्या मालन रामाणे हिच्या बायकांच्या गटाची आमसुलं नि फणसाची साठं, म्हणजे वाळवलेल्या गराच्या पोळ्या. लोक त्याला भावकीचा कंटेनर म्हणायला लागले, कारण भांडणंही अगदी भावकीतल्यासारखी होती. कुणाची खोकी आत, कुणाची दाराशी, कुणाच्या आगळाने कुणाच्या साठांना डाग पाडले, यावरून माणसं महिना महिना बोलत नसत. मी मध्ये बसून समजूत घालायची. घरी येऊन जेवायचंही त्राण उरत नसे.

शेवटी ही भांडणं मिटवली रघू गुरवाने. रघू आप्पांच्या गावच्या देवळाचा गुरव. त्याचं स्वतःचं कोकम सरबतही कंटेनरातून जायचं. पहिला कंटेनर निघाला तेव्हा त्याने चाकासमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून दर वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं. रघूने माल सुखरूप पोचू दे म्हणून मागितलं, मग खोक्यांकडे एकवार बघितलं आणि त्याच सुरात पुढे म्हणाला, "आनी ज्याचा माल नासनारा, त्याची खोकी म्होरं दाराशी लागू देत, कुनाच्या मनात काय वाकडं येव नको रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यात आदल्या दिवशी त्याच गोष्टीवरून हमरीतुमरीवर आलेले दोघेही होते.

तिथून आमची रीतच पडली. वाद चिघळला की आप्पा म्हणायचे, "रघू, घाल गाऱ्हाणं." रघू तोडगा गाऱ्हाण्यात गुंफायचा, सगळे होय म्हणायचे आणि मी इतिवृत्तात लिहायचे, "ठराव एकमताने मंजूर." मी ज्या पोरांना सभेचे नियम शिकवले त्यांनी हे पाहिलं असतं तर माझी टर उडवली असती. पण इतक्या वर्षांत दिलेला शब्द कुणी फिरवला नाही. करारावर सही करून हात वर करणारे मी पुष्कळ पाहिलेत. देवाला होय म्हणून मागे फिरलेला आमच्यात एकही नव्हता. मलाही त्या रीतीचा अभिमान वाटायचा, हे कबूल करते.

मग मंडळ वाढलं. तिकडून शिष्टमंडळं यायला लागली, इकडून जायला लागली. मुंबईचे मालवाहतूकवाले सभासद झाले, वकील झाले, हॉटेलवाले झाले. बोधचिन्ह आलं, उपाध्यक्ष आले, मग उपाध्यक्षांमध्येही वरिष्ठ आणि कनिष्ठ आले. वर्तमानपत्रांत फोटो छापून यायचे. मी त्यात कधी नसायचे, कारण फोटोच्या वेळी मी पाहुण्यांच्या गाड्या शोधत असायचे. व्हिसाची पत्रं, हॉटेलच्या खोल्या, पहिल्या रांगेत कोण बसणार, कुणाला मासे चालतात, कुणाला कांदासुद्धा चालत नाही. मंडळ वाढलं म्हणजे काय, तर माझी कटकट वाढली. माझी मुलगी उर्वी पुण्याहून फोन करायची आणि म्हणायची, "आई, तुझा आवाज ऐकूनच मला दमल्यासारखं होतं."

गेल्या वर्षी शौनक खरे कार्याध्यक्ष झाला. मूळचा गुहागरचा, पण वाढलेला मुंबईत. तिशीपस्तिशीचा, हुशार आणि नम्र. एक दिवस तो ऑफिसचा जिना चढून वर आला, गळक्या कोपऱ्यातली बादली स्वतः उचलून मोरीत ओतली, आणि मग माझ्यासमोर बसला.

"काकू, वार्षिक सभेत दोन गोष्टी मांडणार आहे. तुम्हाला आधी सांगावं असं वाटलं. मुख्य कचेरी मुंबईला न्यायची आणि सामायिक कंटेनर बंद करायचा."

"बंद म्हणजे?"

"ज्याने त्याने आपापला भरावा. काकू, मंडळाने माल पाठवायचा नसतो, संबंध जोडून द्यायचे असतात. मागे कुणाच्या तरी काजूत किडे निघाले आणि तिकडच्या बंदरात सगळ्यांचाच माल अडकला. आठवतं ना?"

आठवत होतं. तेव्हा मी किती फोन केले ते मलाच माहीत.

"आणि मालनसारख्यांनी काय करायचं?" मी विचारलं.

"त्यांनी इथल्याच एखाद्या मोठ्या निर्यातदाराला विकावं." मग तो म्हणाला, "आणि काकू, तुम्हीही किती दिवस करणार? तुम्हाला विश्रांती नको?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही, मंडळातल्या कुणीच नाही. माझे डोळे भरून आले, आणि स्वतःचाच रागही आला, की एवढ्याशा आपुलकीने आपण विरघळतो. तो गेल्यावर मी उर्वीला फोन करून सांगितलं की सभा झाली की मी पुण्याला येते आणि महिनाभर नुसती झोपून राहते.

त्याच दुपारी मालनलाही फोन केला. मालनच्या गटातल्या बहुतेक बायकांचे नवरे मुंबईला. या कंटेनरच्या भरवशावर त्यांनी गावाबाहेरच्या कातळावर आमसुलं वाळवायची शेड उभी केली होती. मोठा निर्यातदार त्यांच्याकडून आधीही माल न्यायचा, पण नाव न लावता, पोत्यावर. मॉरिशसच्या खोक्यांवर मात्र त्यांच्या गावाचं नाव छापलेलं असे. तिकडून कुणीतरी आपल्या दुकानात मांडलेल्या त्या खोक्यांचा फोटो पाठवला होता, तो मालनने फ्रेम करून शेडमध्ये लावला होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. "बाय, आमची खोकी एका कोपऱ्यात मावतात. आख्खा कंटेनर आमी कुठनं भरनार?" मग म्हणाली, "मी येत्ये सभेला. हात वर करून नाय म्हननार. आमच्यासारख्या सगळ्यांना घेवन येत्ये." आणि तिने खरंच सगळ्या छोट्या सभासदांना फोन केले. त्यांची संख्या मुंबईकरांपेक्षा कितीतरी जास्त होती. मतदान झालं असतं तर कंटेनर वाचला असता, याबद्दल मला शंका नव्हती.

सभा रत्नागिरीतल्या नव्या हॉटेलच्या हॉलमध्ये होती. दोन देशांचे झेंडे, समई, पडद्यावर चित्रफीत. गुरुप्रसाद पवारही आले होते, आता तिकडच्या शाखेचे अध्यक्ष म्हणून. म्हातारे झाले होते, पण उत्साह तोच. मालन तिसऱ्या रांगेत होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि तिच्या मागे तिने आणलेली सगळी मंडळी. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. रघू नारळ घेऊन माइकपाशी उभा राहिला.

तेवढ्यात शौनक पुढे झाला. "रघूदादा, आज मी घालू का गाऱ्हाणं?"

रघूने आप्पांकडे पाहिलं. आप्पांना गहिवरून आलं होतं. "घालू दे रे. पोरगा गुहागरचा हाय, त्याचा पन मान हाय," ते म्हणाले. मुंबईत वाढलेल्या मुलाने गाऱ्हाणं घालावं याचं हॉलमध्ये सगळ्यांनाच कौतुक वाटलं. रघूने नारळ त्याच्या हातात दिला. सगळे उठून उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले.

शौनकने सूर चांगला धरला होता. सराव केला असणार.

"बा देवा महाराजा, आज तुझी लेकरं इथे जमली आहेत, त्यांचा नमस्कार मान्य करून घे रे महाराजा."

"होय महाराजा."

"समुद्रापलीकडच्या आमच्या भावंडांना सुखात ठेव रे महाराजा."

"होय महाराजा." पवारांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"हे मंडळ इथे लहानाचं मोठं झालं. आता ते मुंबईला आपल्या नव्या जागी जातंय, तिथे त्याची भरभराट होऊ दे रे महाराजा."

"होय महाराजा."

"आजवर एकमेकांच्या आधाराने माल पाठवला. यापुढे ज्याने त्याने आपल्या ताकदीवर आपला कंटेनर भरावा, एवढं बळ प्रत्येकाला दे रे महाराजा."

"होय महाराजा."

मीसुद्धा म्हटलं. तोंडून गेल्यावर मी डोळे उघडले. बऱ्याच जणांनी उघडले होते. गाऱ्हाणं घातलं जात असताना कुणी शब्द तपासत नाही. सूर वर चढला की उत्तर आपोआप येतं, लहानपणापासून येत आलंय. मालनचे हात जोडलेलेच होते आणि ती शौनककडे बघत होती.

मुंबईच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शौनकने नारळ समईपाशी ठेवला आणि म्हणाला, "आपल्या परंपरेप्रमाणे दोन्ही ठराव एकमताने मंजूर. काकू, लिहून घ्या."

माझ्या हातात पेन होतं. मी उभी राहिले. सभेत आजवर मी कधी बोलले नव्हते. "हे मतदान नव्हे," मी म्हटलं. "हात वर करून घ्या."

तो चिडला नाही. "अवश्य काकू. ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावा."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. छोट्या सभासदांच्या रांगाच्या रांगा माना खाली घालून बसल्या होत्या. रघू भिंतीला टेकून उभा होता, रडवेला झालेला. आप्पा आपल्या चपलांकडे बघत होते. मी मालनकडे पाहिलं. तिने हात पदराखाली घेतला होता.

"मालन, हात वर कर," मी म्हटलं. सचिवाने असं बोलायचं नसतं.

ती उभी राहिली. "देवाला व्हय म्हटलंय, बाय," ती म्हणाली. "आता मान्सांना नाय कसं म्हनू?" आणि खाली बसली.

मला तिचा राग आला, शौनकचा आला, देवाचाही आला. पण रागावून काही करायची शक्ती उरली नव्हती. सचिवाला मत नसतं. तरी मी हात वर केला, थोडा वेळ तसाच धरला, आणि दुखायला लागल्यावर खाली घेतला. शौनकने नम्रपणे तेवढा वेळ वाट पाहिली. मग पुढचा विषय घेतला.

जेवणाच्या वेळी मी त्याला गाठलं. "हे तू मुद्दाम केलंस."

"काकू, मी तुमचीच पद्धत पाळली," तो म्हणाला. पद्धत खरोखरच आमची होती. पलीकडे पवारसाहेब मालनला शोधत होते, यंदा फणसाची साठं जास्त पाठव म्हणून सांगायला. आपण कशाला होय म्हटलं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पंधरवड्याने शौनकने टेम्पो पाठवला. कपाट आणि फायली मुंबईला, टेबल वाटेत माझ्या घरी. सकाळपासून मी आवराआवर करत होते. आप्पा येतो म्हणाले होते, आले नाहीत. आतून हलकं वाटायला हवं होतं. उर्वीकडे जायची बॅग भरून तयार होती. पण मला नुसतं दमल्यासारखं वाटत होतं.

कपाट खाली गेलं तेवढ्यात मालन आणि रघू जिना चढून आले. रघूच्या हातात नारळ होता. बसायला काही नव्हतं, दोघं उभीच राहिली.

"पवारसायबांचा फोन आलावता," मालन म्हणाली. "माल कंदी पाठवताय म्हनून इचारीत व्हते. मी सगळं सांगितलं. लई वाईट वाटलं त्यांना. म्हनले, तुमी कसापन पाठवा, मी माझ्या दुकानात ठेवतो."

"कसा पाठवणार?"

"म्हनूनच आलंव. नवीन मंडळ काढूया, बाय. ल्हान. मुंबैवाले नकोत, झेंडे नकोत. नुसता आपला कंटेनर."

"तुम्ही त्या दिवशी हात वर केला असतात तर हे करावंच लागलं नसतं," मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं.

रघू म्हणाला, "बाय, देवाला दिलेला शबुद देवाकडंच न्यावा लागतो. मी कौल लावला. सांगितलं, आमची चूक झाली, ध्यान नव्हतं, नवीन मांडू काय. देवानं उजवा दिलान." म्हणजे मूर्तीला लावलेली कळी उजव्या बाजूने पडली होती. देवाने परवानगी दिली होती. आता ही माणसं मोकळी होती आणि हिशेबात फक्त मी राहिले होते.

मी टेबलाला टेकले. "मालन, मी खरंच थकले गं. परवाने, बंदराची कागदपत्रं, पुन्हा तुमची भांडणं. माझे गुडघे हा जिना चढू देत नाहीत. उर्वी वाट बघत्येय. दुसरं कोणी शोधा."

"बरं," मालन म्हणाली. तिने आग्रह केला नाही. तिने आग्रह केला असता तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

रघू मला काही न विचारता टेबलापाशी आला, टेबलावर नारळ ठेवला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरं हितं नवीन मंडळ मांडतायत, ते तू मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मालन म्हणाली.

"ज्याचा माल खोकाभर, त्याचं खोकं पन दर्यापार जाव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी आमच्या बाय दमल्यात, त्यांचं गुडगं दुकतात. त्यांना कुनी बसा म्हटलान नाय, आमी पन नाय म्हटलं, ती आमची चूक पदरात घे. त्यांना बळ दे, आनी त्यांच्या मनात आसंल तरच त्यांच्या हातनं हे काम करून घे रे म्हाराजा."

मालन बोलली नाही. हे उत्तर तिचं नव्हतं.

माझ्याबाबतीत काय चाललंय ते मला नीट समजत होतं. अख्ख्या हॉलवर हेच होताना मी पाहिलं होतं, आणि या वेळी माझे डोळे उघडे होते. मी गप्प राहिले असते तर दोघं नारळ उचलून मुकाट्याने खाली गेली असती आणि मला कधी नावं ठेवली नसती. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी पुण्याच्या बॅगेचा विचार केला, उर्वीला काय सांगायचं याचा विचार केला. रघूचा सूर अजून वरच होता, तो काही खाली येईना.

"होय महाराजा," मी म्हटलं.

रघूने नारळ फोडायला दगड शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात टेम्पोचे दोघे हमाल घाम पुसत परत वर आले आणि त्यांनी टेबलाच्या दोन बाजू धरल्या.

"टेबल राहू द्या," मी त्यांना म्हटलं. "ते इथेच लागणार आहे."